गावातून बातमीपत्रापर्यंत: विदर्भातल्या मुलामुलींसाठी वृत्तनिवेदनाची वाट

यवतमाळ, गडचिरोली किंवा बुलढाण्यातल्या एखाद्या गावात राहून ‘मले टीव्हीवर बातम्या वाचायच्या हायेत’ असं म्हणणाऱ्या पोरापोरींना दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, आधी पोलीस भरतीचा फॉर्म भर, मग काय ते पाहू. शहरातला क्लासवाला म्हणतो, तीन महिन्यांचा अँकरिंग कोर्स कर, कोट आमचा, फोटो आमचा. घरच्यांचा सल्ला निदान फुकट असतो.

या कामाला जीभ लागते आणि माहिती लागते. चेहरा, उंची, गोरेपणा वगैरेंची चर्चा चहाच्या टपरीवर फार होते, बातम्यांच्या टेबलावर फार कमी. माहितीच्या बाबतीत गावातला मुलगा मुंबईच्या मुलापेक्षा दोन पावलं पुढेच असतो, फक्त ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख क्लासच्या क्रमानं जात नाही. जिथे खरी मेहनत आहे तिथे तो जास्त रेंगाळेल, आणि कपड्यांवरून भराभर पुढे जाईल.

हे काम नेमकं काय आहे

मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि मराठी घराघरांत बातम्यांचे चेहरे ओळखीचे झाले. प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, अनंत भावे, ज्योत्स्ना किरपेकर, स्मिता तळवलकर ही त्यातली काही नावं. सिनेमात जाण्याआधी स्मिता पाटीलही तिथे बातम्या वाचत. प्रदीप भिडे 2022 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या आवाजाबद्दल भरपूर लिहिलं गेलं. पण त्यांची जुनी बातमीपत्रं नीट ऐकली की आवाजाइतकंच दुसरंही काही जाणवतं. कुठला शब्द उचलायचा आणि कुठला सोडायचा हे त्यांना पक्कं ठाऊक असे. त्यासाठी बातमी आधी कळावी लागते.

2007 नंतर चित्र बदललं. स्टार माझा (जे 2012 मध्ये एबीपी माझा झालं), झी 24 तास आणि पाठोपाठ इतर चोवीस तासांच्या वाहिन्या आल्या. आज खासगी वाहिनीवरचा अँकर लिहिलेलं वाचतो आणि न लिहिलेलंही बोलतो. समृद्धी महामार्गावर अपघात झाला की हातात दोन ओळी असतात आणि वीस मिनिटं किल्ला लढवायचा असतो. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर अजूनही शिस्तीचं, मोजून-मापून लिहिलेलं बातमीपत्र असतं. दोन्हींची तयारी सारखीच सुरू होते, पुढे फाटा फुटतो.

पहिली पायरी: जीभ

वऱ्हाडी माणसाच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. डोळे म्हणजे डोये, शाळा म्हणजे शाया, पाणी म्हणजे पानी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत ‘ळ’च्या जागी ‘र’ ऐकू येतो आणि ‘श’चा ‘स’ होतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण बातमीपत्र अख्खा महाराष्ट्र ऐकतो, तिथे प्रमाण उच्चार लागतो. बोली पुसून टाकायची नाही, तिच्या शेजारी दुसरी जीभ तयार करायची. घरी ‘काऊन जी’ म्हणा, माइकसमोर ‘का’ म्हणा.

सराव साधा आहे. ‘यवतमाळच्या शाळेत सकाळी केळी वाटली.’ ‘वणीच्या राणीनं लोणी आणि पाणी आणलं.’ ‘शेगावच्या शाळेत शंभर शिक्षक, सव्वाशे सायकली.’ ही वाक्यं आधी सावकाश म्हणा. ‘ळ’ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं की नाही, इकडे लक्ष ठेवा. आरशापेक्षा फोनचं रेकॉर्डिंग बरं, कारण आपला कान आपल्याच चुका माफ करतो. पंधरा दिवसांनी तीच वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करून शेजारी शेजारी ऐका.

‘ळ’ आणि ‘ण’ सहसा सुटतात. त्याहून चिवट म्हणजे ‘च’ आणि ‘ज’. मराठीत हे दोन-दोन तऱ्हेनं उच्चारले जातात आणि लिपी काहीच सांगत नाही. ‘चार बैलांना चारा’ म्हणून पाहा, पहिला ‘चा’ चिंचेतल्या ‘च’सारखा, दुसरा चमच्यातल्यासारखा. ‘जनता’ आणि ‘जमीन’ यांतले ‘ज’ वेगळे. ‘जल’ वेगळं, ‘जळगाव’ वेगळं. हिंदीचं वजन जास्त असलेल्या भागात, विशेषतः नागपूरच्या आसपास, हे दोन्ही एकसारखे होऊन जातात. उपाय एकच, ज्याचं मराठी पक्कं आहे अशा माणसाकडून रोज एक पान ऐकायचं. गावातले निवृत्त मराठीचे गुरुजी यासाठी कुठल्याही क्लासपेक्षा सरस. त्यांच्याकडे जा, ‘सर, अर्धा तास द्या’ म्हणा. बहुतेक जण खूश होतात, चहाही पाजतात.

वाक्यरचनेतही हिंदी शिरलेली असते. ‘मंत्री नागपूरला येऊन राहिले आहेत’ हे चौकात चालतं, बातमीत ‘येत आहेत’. ‘त्यानं मला बोललं’ कुठेच नको.

आता सूर. शाळेत धडा वाचताना लागलेली चाल, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज वर नेऊन सोडायची सवय, ही कमालीची चिकट असते. ती मोडायला एक युक्ती आहे. बातमी वाचून झाल्यावर कागद उलटा ठेवा आणि तीच बातमी आजीला सांगा. ‘आजी, वर्ध्यात कापसाची खरेदी बंद पडली, काऊन का तर बारदानाच नाही.’ सांगताना आपोआप जो सूर लागला, तोच प्रमाण भाषेत वाचताना आणायचा.

आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण. आपल्या भागात हा विषय टाळून आवाजाबद्दल बोलताच येत नाही. सुपारीच्या सवयीनं तोंडाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड पूर्ण उघडत नाही, आणि तंबाखू सोबत असली की कर्करोगाचा धोका आणखी वाढतो. तोंड दोन बोटं उघडणाऱ्या माणसाचा ‘आ’ माइकवर बंद खोलीतून आल्यासारखा येतो. निवेदक व्हायचं असेल तर पुडी आजच सोडा, यावर तडजोड नाही. बाकी पथ्य सोपं: रेकॉर्डिंगच्या आधी सावजीचा झणझणीत रस्सा नको, आईस्क्रीम नको, उन्हाळ्यात पाणी घोट घोट दिवसभर. आवाज आठ-पंधरा दिवस बसलेला राहिला तर काढे करत बसू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरी पायरी: कागद

वर्तमानपत्राची बातमी डोळ्यांसाठी लिहिलेली असते, ती तशीच वाचली की ऐकणारा हरवतो. सरावासाठी मीच रचलेली ही ओळ बघा, पण असली वाक्यं पावसाळ्यात रोज छापून येतात:

‘गेल्या 24 तासांत झालेल्या मुसळधार पावसामुळे वैनगंगा नदीच्या पाणीपातळीत झपाट्याने वाढ झाल्याने गोसीखुर्द धरणाचे 33 पैकी 27 दरवाजे अर्ध्या मीटरने उघडण्यात आले असून नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.’

हे एका श्वासात जात नाही. शिकाऊ मुलांना हे मोडून लिहायला दिलं की निम्मी मुलं लिहितात, ‘वैनगंगेला पूर आलाय.’ ऐकायला झकास, पण मूळ बातमीत पूर कुठेच नाही, पाणी वाढल्याचं म्हटलंय. पवनीत किंवा ब्रह्मपुरीत नातेवाईक असलेला माणूस हे ऐकून रात्री गाडी काढतो. म्हणून असं लिहा:

‘वैनगंगेचं पाणी झपाट्यानं वाढतंय. / गोसीखुर्द धरणाच्या तेहेतीसपैकी / सत्तावीस दरवाजे / अर्ध्या मीटरनं उघडण्यात आले आहेत. // नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं, / असा इशारा प्रशासनानं दिला आहे.’

तिरकी रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन रेघा म्हणजे श्वास. ज्या शब्दावर वजन टाकायचं त्याच्याखाली रेघ मारा, पण एका वाक्यात एकाच. इथे माझं वजन ‘सत्तावीस’वर जाईल, कारण तोच नवा तपशील आहे. आकडे अक्षरी लिहा. रोज तीन बातम्या अशा मोडायच्या: एक राजकारणाची, एक शेतीची, एक हवामानाची.

आकड्यांचं म्हणाल तर ती आजच्या पिढीची मोठी पडझड आहे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत चाचपडणारी पदवीधर मुलं ढिगानं दिसतात, आणि मध्येच ‘पचपन’ येतं. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा 8,110 रुपये जाहीर झाला. हे ‘पाच हजार तीनशे अठ्ठावीस’ आणि ‘आठ हजार एकशे दहा’ असं न अडखळता यायला हवं. बाजार समितीचे रोजचे भाव मोठ्यानं वाचणं हा याचा उत्तम रियाझ, शिवाय घरात वडिलांना उपयोग.

एककंही आकड्याइतकीच महत्त्वाची. धरणाच्या विसर्गाच्या बातमीत कधी क्यूसेक येतं, कधी क्युमेक. पहिलं सेकंदाला घनफुटात, दुसरं सेकंदाला घनमीटरमध्ये, आणि एक क्युमेक म्हणजे सुमारे 35 क्यूसेक. एका अक्षराची गफलत झाली की पाण्याचा आकडा पस्तीस पट चुकतो.

तिसरी पायरी: आपला मुलुख पाठ करा

मुंबईतल्या न्यूजरूममध्ये विदर्भाची बातमी आली की टेबलावरचं कोणीतरी विचारतं, हे नेमकं कुठे आलं? तिथे उत्तर देणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. हेच तुमचं भांडवल, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

अकरा जिल्हे आणि त्यांचे सगळे तालुके तोंडपाठ हवेत, उच्चारासकट. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, पोंभुर्णा, गोंडपिपरी, झरी जामणी, अंजनगाव सुर्जी. मग सारख्या नावांची वही करा. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात, कारंजा घाडगे वर्ध्यात. चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे दोन्ही अमरावतीत, पण वेगळे तालुके. सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव दोन्ही गोंदियात. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावची बातमी नाशिकच्या मालेगावची चित्रं लावून चालू झाली तर काय गोंधळ होईल, कल्पना करा. आष्टी वर्ध्यात आहे तशी बीडमध्येही आहे. कळंब यवतमाळमध्ये आहे आणि धाराशिवमध्येही. सिंदखेड राजा बुलढाण्यात, शिंदखेडा धुळ्यात.

नद्यांचंही तेच. वैनगंगा आणि पैनगंगा कानाला जुळ्या बहिणी वाटतात, पण एक पूर्वेकडे भंडारा-गडचिरोलीतून जाते, तर दुसरी बुलढाण्यात उगम पावून यवतमाळची दक्षिण सीमा धरते. एकीचा पूर दुसरीच्या नावावर वाचला तर शेजारच्या राज्यातले लोकही फोन करतील.

पुढे वर्षाचं वेळापत्रक मनात बसवा. जूनमध्ये पेरणी आणि बोगस बियाण्यांच्या तक्रारी, जुलै-ऑगस्टमध्ये पुरानं भामरागडचा संपर्क तुटणं, पोळा आणि नागपूरची मारबत पुतळ्यांची मिरवणूक, ऑक्टोबरमध्ये दीक्षाभूमी, मग कापसाची खरेदी, डिसेंबरमध्ये नागपूरचं हिवाळी अधिवेशन, उन्हाळ्यात पाणीटंचाई आणि चंद्रपूरचं तापमान. अधिवेशन नागपूरला का भरतं हे विचारलं तर 1953 चा नागपूर करार, म्हणजे विदर्भ मराठी राज्यात येण्याआधी नेत्यांत झालेला समझोता, सांगता आला पाहिजे. मुलाखतीत हा प्रश्न हमखास नसला तरी अगदी अनपेक्षितही नाही.

एका वहीत प्रत्येक जिल्ह्यासाठी चार पानं ठेवा. धरणं, पिकं, लोकप्रतिनिधी, गाजलेले वाद. फोनमध्ये नको, वहीतच. स्टुडिओत नेट असेलच असं नाही.

चौथी पायरी: शिक्षण, थोडक्यात

कुठलीही पदवी चालते, पण पत्रकारितेचं शिक्षण असलं तर दार लवकर उघडतं. नागपूर विद्यापीठात जनसंवाद विभाग आहे. अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारिता शिकवली जाते. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात जनसंचार आहे, माध्यम हिंदी. घरापासून जवळ आणि फी परवडणारं हे दोन निकष लावा. खासगी ‘अँकरिंग अकादमी’त पैसे भरण्याआधी मागच्या तुकडीतल्या तिघांचे नंबर मागा आणि स्वतः फोन लावा. नंबर द्यायला खळखळ झाली तर तिथून उठा.

सोबत इंग्रजीतून मराठीत भाषांतर शिका. एजन्सीची, म्हणजे वृत्तसंस्थेची, बातमी इंग्रजीत येते आणि सरकारी बातमीपत्राच्या निवड परीक्षेत भाषांतरावर भर असतो.

पाचवी पायरी: आत शिरायची दारं

पहिलं दार आकाशवाणीचं, आणि मला तेच सगळ्यांत सरळ वाटतं. नागपूर केंद्र 1948 पासून आहे आणि तिथून प्रादेशिक बातम्या प्रसारित होतात. अकोला, चंद्रपूर, यवतमाळ इथेही केंद्रं आहेत, तिथे उद्घोषकांची गरज पडते. ही कामं हंगामी असतात. जाहिरात निघते, लेखी परीक्षा होते, मग आवाजाची चाचणी, आणि पास झाल्यावर तुमचं नाव पॅनेलवर, म्हणजे गरजेप्रमाणे बोलावायच्या लोकांच्या यादीत, लागतं. महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात, त्यामुळे यावर घर चालत नाही. पण शिस्त अशी लागते की आयुष्यभर पुरते. वेळ सेकंदात मोजायला तिथेच शिकतो माणूस. जाहिराती प्रसार भारतीच्या अधिकृत संकेतस्थळावर येतात. ‘मी पॅनेलवर घेऊन देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका.

दुसरं दार केबलच्या स्थानिक बातम्यांचं. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी बातमीपत्रं असतात. मानधन किरकोळ, पण कॅमेरा रोज. स्वतःला रोज पडद्यावर बघणं हेच तिथलं शिक्षण.

तिसरं दार म्हणजे तालुक्याचा बातमीदार होणं, ज्याला आपल्याकडे स्ट्रिंगर म्हणतात. बातमीमागे पैसे मिळतात, तेही चालली तर. इथे सावध राहा. काही तथाकथित वाहिन्या आणि पोर्टलं ओळखपत्र व बूमसाठी (वाहिनीचं नाव लावलेल्या माइकसाठी) डिपॉझिट मागतात. वर दिवाळीला, 15 ऑगस्टला, आमदारांच्या वाढदिवसाला जाहिरातींचं टार्गेट देतात. जाहिरात मागायला ज्याच्या दारात गेलात त्याच्याविरुद्धची बातमी तुम्ही काय वाचणार? ही पत्रकारिता नव्हे, वसुली आहे. तालुक्याच्या गावात एकदा तसं नाव पडलं की धुतलं जात नाही.

चौथं दार बहुतेकांना दिसतच नाही, ते म्हणजे डेस्क. मुंबईत किंवा नागपूरच्या ब्यूरोत प्रशिक्षणार्थी म्हणून शिरायचं, बातम्या लिहायच्या, टिकर (पडद्याच्या तळाशी धावणारी ओळ) टाकायचा, बाइट (लोकांच्या बोलण्याचे तुकडे) कापायचे. पडद्यावरच्या कित्येक मराठी चेहऱ्यांची सुरुवात अशीच मागच्या खुर्चीवर झालेली असते. पहाटेचं बातमीपत्र वाचणारा ऐनवेळी आला नाही की कोणीतरी मागे वळून विचारतं, ‘तुला जमेल का रे?’ त्या क्षणी ज्याचा आवाज तयार आणि शर्ट इस्त्रीचा असेल, त्याचं काम होतं.

सहावी पायरी: नमुना चित्रफीत आणि ऑडिशन

चित्रफीत दोन-अडीच मिनिटांची पुरे. सुरुवातीला चार हेडलाइन्स, मग एक पूर्ण बातमी, मग शेतात किंवा बाजार समितीत उभं राहून दिलेलं मिनिटभराचं निवेदन, आणि शेवटी कोणाशी तरी छोटा संवाद. या शेवटच्या तुकड्यात बोली कामाला येते. ‘काय काका, औंदा कापूस किती झाला?’ असं विचारल्यावर शेतकरी जसा मोकळा होतो, तसा ‘आपल्याला किती उत्पन्न झाले?’ विचारल्यावर होत नाही. हे मुंबईचा अँकर करू शकत नाही, तुम्ही करू शकता. चित्रफितीत ते दिसू द्या.

फोन आडवा धरा, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, खिडकीकडे तोंड करा. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळा पडतो. वायरचा साधा कॉलर माइक पुरतो. टिनाच्या घरात आवाज घुमतो, तेव्हा मागे-पुढे गोधड्या टांगा. वेळ पहाटेची घ्या, पिठाची गिरणी सुरू होण्याआधीची. लग्नसराईत तर दुसरा इलाजच नाही, डीजे कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पार्श्वसंगीत, गरगर फिरणारी अक्षरं, आगीचे लोळ यांतलं काहीही घालू नका. बघणारा माणूस पहिल्या वीस सेकंदांत उच्चार ऐकतो आणि ठरवतो.

ऑडिशनला न पाहिलेला कागद देतात. मिळालेल्या दोन मिनिटांत सगळा वाचत बसू नका. आधी नावं आणि आकडे शोधा, त्यांच्याखाली रेघ मारा. अडखळलात तर ‘सॉरी’ म्हणून पहिल्यापासून सुरू करू नका, तो शब्द नीट म्हणा आणि पुढे जा. नंतर हमखास एक खोटी ब्रेकिंग देतात: ‘समजा, खामगावजवळ बस उलटली, बोला.’ इथे माहिती नसताना आकडे फेकणारा नापास होतो. जे कळलंय ते सांगा, जे कळायचंय ते ‘अजून स्पष्ट झालेलं नाही’ म्हणा, ठिकाण कुठल्या रस्त्यावर आहे ते सांगा, जवळचं मोठं रुग्णालय कुठलं ते सांगा. तिसऱ्या पायरीची वही इथे बोलते.

मुंबईला जायचं तर विदर्भ एक्सप्रेस आहेच, पण ऑडिशनच्या आदल्या दिवशी पोहोचा. रात्रभर जनरलच्या डब्यात उभं राहून आलेला आवाज सकाळी लागत नाही.

स्टुडिओत पहिल्यांदा

टेलिप्रॉम्प्टर म्हणजे कॅमेऱ्यापुढे तिरकी लावलेली काच, खालच्या पडद्यावरची अक्षरं तिच्यात उमटतात आणि तुम्ही थेट कॅमेऱ्यात बघताय असं दिसतं. नवखा माणूस प्रॉम्प्टरच्या मागे धावतो. उलट आहे, चालवणारा तुमच्या मागे येतो. तुम्ही थांबलात की तोही थांबतो. कधी कधी जोडाक्षरं फुटतात, ‘तऱ्हा’, ‘ऱ्हास’ असे शब्द भलतेच दिसतात, म्हणून आधी सगळं एकदा डोळ्यांखालून घाला. टेबलावर छापील कागद ठेवा आणि बातमी बदलली की पान उलटत राहा. प्रॉम्प्टर बंद पडायचा दिवस सांगून येत नाही.

कानातल्या इअरपीसची सवय लागायला वेळ जातो. तुम्ही बोलत असता आणि कंट्रोल रूममधून निर्माता कानात सांगत असतो, ‘फोनो तयार आहे... नाही, थांब, आधी बाइट... वीस सेकंद... आटप.’ (फोनो म्हणजे फोनवरून बोलणारा माणूस.) निर्मात्याला उत्तर द्यायचं नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, चालू वाक्य पूर्ण करायचं. घरी सराव करायचा तर एका कानात रेडिओ लावा आणि मोठ्यानं पेपर वाचा. मग रेडिओवर काय चाललं होतं ते सांगा. सुरुवातीला डोकं भणभणतं, पण जमतं.

कपड्यांचं एवढंच: मागे हिरवा पडदा असेल तर हिरवं नको, बारीक चौकडी नको कारण ती पडद्यावर थरथरते, माइकला लागून वाजणारा दागिना नको. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसत असं सांगतात. टेबलाखालचं कोणाला दिसतं!

काही शब्द जपून

आपल्या भागातल्या तीन विषयांवर निवेदकाची खरी परीक्षा होते. शेतकरी आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचं वर्णन नको, ‘कर्जाला कंटाळून’ असं एकाच कारणाचं लेबल घाईनं नको, रडणाऱ्या घरच्यांवर आवाज चढवणं तर नकोच. बातमीच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सांगा. स्क्रिप्टमध्ये नसेल तर निर्मात्याला आठवण करा. गडचिरोलीतल्या चकमकीत आकडा कोणी दिला हे बोलल्याशिवाय आकडा वाचू नका. आणि चंद्रपूरच्या वाघाला वन विभागानं काही ठरवण्याआधीच ‘नरभक्षक’ म्हणून मोकळं होऊ नका. त्या एका शब्दानं गावात काठ्या निघतात.

बलात्कारातल्या पीडितेची आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. गाव लहान असलं की नाव न घेता फक्त ‘अमुक गावच्या सरपंचाची पुतणी’ म्हटलं तरी ओळख उघड होते. मुंबईत बसून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हे ध्यानात येईलच असं नाही, तुमच्या यायला हवं.

काम लागल्यावर

सुरुवात बहुधा पहाटेच्या किंवा रात्रीच्या पाळीनं होते. मुलींनी रात्रीच्या पाळीतली ने-आण कोण करणार हे रुजू होण्याआधी लेखी घ्यावं, तोंडी ‘होईल काहीतरी’ यावर विसंबू नये. घरच्यांना एकदा न्यूजरूम दाखवता आली तर पुढचे अर्धे फोन वाचतात.

करार वर्षाचा असतो, कधी त्याहून कमी. नोटिशीची मुदत किती, दुसरीकडे आवाज देता येईल का, सोडल्यावर किती दिवस दुसऱ्या वाहिनीत जाता येणार नाही, ही तीन कलमं वाचल्याशिवाय सही नको. वाहिनीची परवानगी असेल तर माहितीपट, जाहिराती, शेतीच्या चित्रफिती, शासकीय कार्यक्रमांचं सूत्रसंचालन अशी आवाजाची कामं घेता येतात, आणि पडद्यावरचं काम थांबलं तरी ती चालू राहतात. 26 मे 2024 रोजी डीडी किसाननं ‘कृष’ आणि ‘भूमी’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे निवेदक आणले. लिहिलेलं बिनचूक वाचणं यंत्राला जमू लागलंय. वाशीमचं मालेगाव की नाशिकचं, हे स्क्रिप्टमध्येच चुकलेलं असताना थांबून विचारणं त्याला जमत नाही, निदान आज तरी. नुसतं वाचणाऱ्यानं काळजी करावी, बातमी कळणाऱ्याला अजून वाव आहे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही वाचलेल्या बातमीपत्राचं चित्रण वाहिनीच्या मालकीचं असतं आणि नोकरी सोडल्यावर ते मागायला गेलं की कोणी ओळख देत नाही. म्हणून काम चालू असतानाच परवानगी घेऊन महिन्याला एखाद-दुसरं चांगलं बातमीपत्र आपल्या डिस्कवर उतरवून घ्या, फाइलच्या नावात तारीख आणि विषय टाका. पुढच्या ऑडिशनला तेच लागतं.